बाईंच्या ६३ नोंदी

औषधाच्या दुकानात एक वही असते, ती गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. शेड्यूल एच-वनची नोंदवही. १ मार्च २०१४ पासून ती ठेवणं बंधनकारक झालं. पट्टीवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो ती औषधं, म्हणजे काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि झोपेच्या नि घबराटीच्या बऱ्याच गोळ्या, विकली की डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहायचे आणि वही तीन वर्षं जपायची. बऱ्याच दुकानांत ती महिनाअखेरीला एका बैठकीत भरतात. मला हे पटत नाही, आणि मी तसं तोंडावर सांगतो म्हणून आमच्यातले काही जण माझ्यावर नाराजही आहेत. माझ्याकडं पेशंट समोर असतानाच नोंद होते, आणि समासात फोन नंबर लिहिला जातो. कायदा नंबर मागत नाही. मी लिहितो, कारण रात्री अकराला अंथरुणावर पडलं की वाटायला लागतं, त्या आजोबांना ५ मिलिग्रॅमऐवजी ५० ची पट्टी तर गेली नाही ना? मग फोन करून खात्री केल्याशिवाय डोळा लागत नाही.

माझं दुकान कोल्हापूरच्या राजारामपुरीत, २००३ पासून. काळजी त्याच्या कितीतरी आधीपासून. वडील साखर कारखान्यात होते, त्यांची पाळी रात्री बाराला सुटायची. चौथीत असल्यापासून सायकलची घंटा ऐकू येईपर्यंत मी चादरीखाली जागा असायचो. आई सगळ्यांना सांगायची, पोरगं हळवं आहे. पुढं शटरचं कुलूप ओढून बघायला अर्ध्या वाटेवरून परत येणं, बायकोचा फोन लागला नाही की पोटात गोळा येणं, हे सगळं स्वभावात जमा झालं. २०११ साली, ३४ व्या वर्षी, मानसोपचारतज्ज्ञांनी मला नाव सांगितलं: जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर. सहा महिन्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी. सोबत थकवा, चिडचिड, आखडलेलं अंग, तुटक झोप. ‘सहा महिने’ ऐकून मला तिथंच रडू आलं. मी पंचवीस वर्षं काढली होती.

तेव्हापासून मी एस्सिटॅलोप्रॅम घेतो. ही गोळी लगेच काम करत नाही, दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिले काही दिवस उलट जास्त अस्वस्थ वाटू शकतं. हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, म्हणून बरेच लोक लवकरच ती सोडतात. गोळीनं काळजी संपली नाही, पण ती आणि मी यांच्यात थोडं अंतर पडलं. समुपदेशक मॅडमनी संध्याकाळचा अर्धा तास काळजीसाठी नेमून दिला. दिवसभरात येईल ती काळजी वहीत टाकायची आणि त्या अर्ध्या तासात एकेक काढून बघायची: यात आत्ता करण्यासारखं काही आहे का? असेल तर करायचं, नसेल तर ओळ मारायची. अजून करतो. पण माझी गोळी मी माझ्या दुकानातून कधी घेतली नाही. महिन्यातून एकदा जयसिंगपूरला जाऊन एका अनोळखी काउंटरवरून आणायचो. दुकानातल्या पोराला कळू नये, एवढ्यासाठी.

आता बाई. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहणाऱ्या. २००८ साली त्यांचे यजमान गेले. झोप लागेना, छातीत धडधड व्हायची, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी अल्प्राझोलाम लिहून दिली. अशा वेळी ही गोळी थोड्या दिवसांपुरती असते. बाईंची ११ वर्षं चालली. सकाळी अर्धा मिलिग्रॅम, रात्री अर्धा, महिन्याला चार पट्ट्या. डॉक्टर चार-सहा महिन्यांनी नव्या कागदावर ‘कंटिन्यू’ लिहून द्यायचे, मी नोंद करून पट्ट्या द्यायचो. कागदोपत्री कुठंही चूक नव्हती.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांवर गेलं. ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांच्यासाठी: ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोका पातळी. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, पुण्याकडून माल बंद. उपसा केंद्रं बुडाल्यानं नळाला पाणी नाही, शहराच्या बऱ्याच भागात वीज नाही, पेट्रोल फक्त अत्यावश्यक गाड्यांना.

मी आयुष्यभर ज्याची भीती बाळगली तसं काहीतरी खरंच आलं, आणि त्या आठवड्यात माझं मन कधी नव्हे इतकं स्थिर होतं. हात भराभर चालत होते. जूनमध्येच मी इन्सुलिन, ओआरएस आणि पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोच्या तापासाठीची डॉक्सिसायक्लिन जास्तीची भरून ठेवली होती. वीज गेल्यावर इन्सुलिन थर्मोकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांसोबत ठेवलं, मध्ये जाड टॉवेल घातला. इन्सुलिन थेट बर्फाला टेकलं आणि गोठलं तर ते फेकावं लागतं. खोक्यात थर्मामीटर लावून दर दोन तासांनी आकडा लिहिला. एकही व्हायल वाया गेली नाही, याचा मला अभिमान आहे. तरी कुणी म्हणालं, ‘बघा, तुमच्या काळजीचा फायदा झाला,’ तर मला ते मान्य नाही. ती तयारी एका दुपारचं काम होतं. काळजीनं मात्र माझ्या आयुष्यातल्या हजारो रात्री नेल्या.

८ ऑगस्टला, गुरुवारी, संध्याकाळी एका शाळेतल्या छावणीत औषधं द्यायला मी आणि दुकानातला पोरगा गेलो. तालमीची पोरं भाकरी-झुणका वाटत होती. चौथीच्या वर्गात, भिंतीला टेकून बाई बसल्या होत्या. बाहेर गार वारं, आणि त्यांचा ब्लाउज पाठीवर घामानं भिजलेला. हातातला चहाचा कप इतका थरथरत होता की शेजारणीनं तो काढून घेतला. कुणाच्या हातून ताट पडलं तर बाई दचकून उभ्याच राहिल्या.

“पाण्याचा धसका घेतलाय ओ बाईंनी,” शेजारीण म्हणाली. “दोन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा न्हाई.”

छावणीतल्या तरुण डॉक्टरनी त्यांना तपासलं होतं. नाडी जलद, बीपी थोडं वर. पॅरासिटामॉल, ओआरएस आणि ‘घाबरू नका’. त्याला मी दोष देत नाही. त्या दिवसात त्यानं दीडशे-दोनशे माणसं बघितली असतील, आणि त्या वर्गात प्रत्येकाकडंच घाबरायला कारण होतं. पण भीती मला आतून ठाऊक आहे. भीती बोलते, विचारत राहते, पाणी किती आलं, घराचं काय झालं. बाई घराबद्दल एक शब्द बोलत नव्हत्या. ट्यूबलाइटच्या उजेडाकडं त्यांना बघवत नव्हतं.

शेजारणीला मी चहा आणायला पाठवलं आणि खाली बसलो.

“बाई, गोळी शेवटची कधी घेतली?”

त्यांनी आधी आजूबाजूला बघितलं. “घरातच राहिल्या हो, भाऊ. फ्रीजवरच्या डब्यात. सोमवारी रात्री घेतली ती शेवटची.”

जवळजवळ तीन दिवस. अल्प्राझोलामची रक्तातली मात्रा साधारण ११ तासांत निम्मी होते, म्हणजे मंगळवारी रात्रीपासूनच बाईंचं शरीर ओढाताण सोसत होतं. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, ते पेशींची उत्तेजना आवरून धरतं. ही गोळी त्याला बळ देते. वर्षानुवर्षं रोज घेतली की मेंदू त्या आधाराच्या हिशोबानं स्वतःची घडी बसवतो, आणि आधार एकदम निघाला की आवर घालायला कुणी उरत नाही. घाम, थरथर, आवाज-उजेड न सोसणं, आणि पुढं फिट येऊ शकते. ती जिवावर बेतू शकते.

“डॉक्टरांना सांगितलं का नाही?”

“सगळ्यांसमोर कसं सांगू? झोपेची गोळी खाते म्हणतील. पोरांना धीट व्हा म्हणून शिकवलं मी. तुम्हाला नाही कळायचं ते.”

“बाई, मीपण घेतो. आठ वर्षं झाली. गोळी वेगळी, पण कारण हेच.”

पोरगा औषधांचं खोकं घेऊन माझ्या मागंच उभा होता. त्यानं खोकं हळूच खाली ठेवलं.

डॉक्टरला बाजूला घेऊन सांगितलं. तो शहाणा निघाला, वाद घातला नाही, लगेच पाच दिवसांची चिठ्ठी लिहिली आणि पहिली गोळी दिल्यावर स्वतः तासभर बाईंजवळ बसला. रात्री साडेनऊला बाई चटईवर आडव्या झाल्या आणि झोपल्या.

दुकानात परत येताना मला सुचलं. अशा बाई किती असतील? घरातून नेसत्या वस्त्रानिशी निघालेल्या, गोळी मागं राहिलेल्या, आणि ‘धसका घेतलाय’ म्हणून कुठल्यातरी वर्गात बसवलेल्या? बॅटरीच्या उजेडात नोंदवही काढली. दर महिन्याला येणारी नावं एका बाजूला, त्यातले शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क, सिद्धार्थनगर वेगळे. १७ नावं निघाली. समासात नंबर होते. पोरानं आणि मी रात्री बारापर्यंत फोन लावले. ११ लागले. त्यातल्या तिघांकडं गोळ्या नव्हत्या. एकाची पत्नी म्हणाली, हे कालपासून काहीबाही बडबडायलेत. त्यांच्या डॉक्टरांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठ्या मागवल्या आणि तालमीच्या पोरांनी पट्ट्या पोचवल्या. त्याच वहीवरून मग फिटची औषधं घेणाऱ्यांचीही आठवण झाली, पण त्यांतली बरीच औषधं या वहीत येत नाहीत. त्यांचे नंबर माझ्याकडं नव्हते. आता त्यांचीही वेगळी यादी आहे, आणि दर जूनला ती ताजी करतो.

सहा फोन लागले नाहीत. पूर ओसरल्यावर त्यातले पाच जण दुकानात आले. सहावे दुधाळीचे, ते आले नाहीत. नंबर अजून बंद लागतो.

दुसऱ्या दिवशी शटर उघडताना पोरगा म्हणाला, “मालक, तुमची गोळी आपल्याच शॉर्टबुकात लिवू काय? दर महिन्याला येवढ्या लांब कशाला जायचं?” शॉर्टबुक म्हणजे मागवायच्या औषधांची वही. मी हो म्हटलं. जयसिंगपूरला मग कधी गेलो नाही.

बाईंना मानसोपचारतज्ज्ञांकडं न्यायला मला आणि त्यांच्या मुलीला महिना लागला. डॉक्टरांनी आधी अल्प्राझोलामच्या जागी शरीरात जास्त वेळ टिकणारी क्लोनाझेपाम आणली, सोबत रोजची वेगळी गोळी सुरू केली, आणि मग दर दोन-तीन आठवड्यांनी मात्रा थोडी थोडी उतरवली. मध्ये दोनदा थांबावं लागलं. ज्यांना वाटतं की निर्धार केला की गोळी सुटते, त्यांनी ते दहा महिने बघायला हवे होते. अशी गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करणं हाच सगळ्यात धोक्याचा रस्ता आहे. जून २०२० मध्ये शेवटचा पाव तुकडा संपला. बाईंची काळजी संपलेली नाही. मुलीची गाडी पुण्याहून निघाली की ती पोचेपर्यंत त्या अजून गॅलरीत येरझाऱ्या घालतात. पण आता तसं सांगतात.

२०२१ च्या जुलैत पाणी २०१९ पेक्षाही वर चढलं. बाई दोन दिवस आधीच बाहेर पडल्या. वाटेतून फोन केला: “भाऊ, पिशवीत पहिल्यांदा चिठ्ठी टाकली.”

ती नोंदवही भरून तीन वर्षं कधीच उलटून गेली. पोरगा दर दिवाळीला साफसफाईत विचारतो, रद्दीत घालू काय. एकदा मी बाईंच्या नोंदी मोजल्या. मार्च २०१४ ते जुलै २०१९ म्हणजे ६५ महिने. २०१५ आणि २०१६ च्या मे महिन्यांत त्या मुलीकडं होत्या, म्हणून ६३. तेच नाव, तीच गोळी, तीच मात्रा, सगळं माझ्या अक्षरात. त्यातल्या एका नोंदीच्या समासात, फोन नंबरच्या खाली, मी पेन्सिलनं लिहिलेलं सापडलं: ‘बाईंशी बोलायचं.’ नोंद नोव्हेंबर २०१६ ची आहे. तिच्यानंतर अजून ३२ आहेत.