टायलर ते ब्राउन, व्हाया मामा

मानवशास्त्रज्ञ टायलरची संस्कृतीची व्याख्या मला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणसाने मिळवलेल्या इतर क्षमता व सवयी, या सगळ्यांची मिळून झालेली गुंतागुंतीची समग्रता. साल १८७१. स्वल्पविरामासकट पाठ. तरीही एम.ए.च्या पहिल्या वर्षी 'सामाजिक मानवशास्त्रातील सिद्धांत' या पेपरात मला शंभरपैकी एकतीस मिळाले.

मी आले वाणिज्य शाखेतून. दिसेल त्याचा तक्ता करायची जुनी खोड. या पेपरसाठीही केला होता: नाव, साल, ग्रंथ, वाद, टीका असे पाच रकाने, वेगवेगळ्या रंगांची पेनं. वर्गात सर नोट्स सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो, त्यामुळे तक्ता भरायला काहीच अडचण आली नाही. अडचण आली ती वेगळीच. एका पुस्तकात 'कार्यवाद', दुसऱ्यात 'प्रकार्यवाद' आणि नोट्समध्ये 'फंक्शनॅलिझम'. मी बरेच दिवस हे तीन वेगळे वाद समजत होते. हसू नका, तिघांना तीन ओळी दिल्या होत्या.

पुनर्परीक्षेच्या आधी एका बाईंना जाऊन भेटले. त्यांनी तक्ता शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात भांडण कुठंय?" मला कळलं नाही. "अगं, ही माणसं एकमेकांवर तुटून पडत होती. तुझ्याकडे सगळी कशी शहाण्या मुलांसारखी ओळीत बसलीयेत." मग म्हणाल्या, एकच प्रश्न धर आणि तो घेऊन प्रत्येकाच्या दारात जा. प्रश्न त्यांनीच दिला. मामाचा.

दक्षिण मोझांबिकमधल्या थोंगा लोकांबद्दल आंरी जुनो या स्विस मिशनऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फार बारकाईने लिहून ठेवलं आहे. हा समाज पितृवंशीय: घराणं, मालमत्ता, अधिकार सगळं बापाकडून येतं. तरीही बहिणीचा मुलगा मामाच्या घरी जाऊन मामासाठी रांधलेलं खुशाल खाऊन टाकू शकतो. मामाने पूर्वजांना नैवेद्य दाखवला तर हा भाचा त्यातला वाटा पळवतो. मामा मेल्यावर त्याच्या मालमत्तेतलं काहीबाही मागतो, आणि कोणी रागावत नाही. बापापुढे मान खाली घालणाऱ्या मुलाला मामाकडे एवढी मोकळीक का?

जुनोचं उत्तर त्याच्या काळाला शोभणारं होतं: पूर्वी कधीतरी इथे मातृसत्ता असणार, तेव्हा भाचाच वारस होता, आणि हा त्या काळाचा उरलेला अवशेष. 'अवशेष' हा शब्द माझ्या तक्त्यात होता, टायलरच्या ओळीत. शिंक आली की आशीर्वाद पुटपुटणं, एकेकाळचं शस्त्र असलेलं धनुष्यबाण मुलांच्या खेळण्यात उरणं, अशी टायलरची उदाहरणं. पण हा शब्द हत्यारासारखा कसा वापरला जायचा ते मामामुळे पहिल्यांदा दिसलं. आजच्या समाजात एखादी गोष्ट बसत नाही ना? मग ती कालची. अशा न बसणाऱ्या गोष्टी गोळा करून अख्खा भूतकाळ उभा करता येतो.

तिथून मी मागे गेले, १८६० च्या दशकात. आणि इथे मला माझा पहिला स्वतःचा शोध लागला (कुणीतरी आधी लावलेला असणारच): ही सगळी वकील मंडळी होती! १८६१ मध्ये मातृसत्तेचा सिद्धांत मांडणारा बाखोफेन कायद्याचा अभ्यासक. त्याच वर्षी 'एन्शंट लॉ' लिहून मूळ कुटुंब पितृसत्ताकच होतं असं सांगणारा हेन्री मेन तर कायदेपंडितच. १८६५ मध्ये बहिर्विवाह आणि अंतर्विवाह हे शब्द रूढ करणारा मॅक्लेनन स्कॉटलंडचा वकील. न्यूयॉर्क राज्यात वकिली करणारा मॉर्गन चौथा. एकदा हे लक्षात आल्यावर त्यांना वारसा, वंश, मालकी यांचंच एवढं का पडलं होतं ते उलगडलं. मामाचं काय, हा त्यांच्या लेखी वारसाहक्काचा दावाच होता.

मॉर्गनवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण त्याचा तक्ता माझ्यापेक्षा मोठा होता. रानटी, बर्बर आणि सुसंस्कृत अवस्था, पहिल्या दोहोंचे तीन-तीन पोटभाग, मातीची भांडी आली की रानटीपण संपलं, वर्णाक्षरं आली की सुसंस्कृती सुरू. हे १८७७ च्या ग्रंथातलं, आणि परीक्षेत तेवढंच विचारतात. पण १८७१ चा नातेसंबंधांवरचा त्याचा ग्रंथ पाहिला आणि मी चकित झाले. जगभर प्रश्नावल्या पाठवून त्याने नात्यांचे शब्द जमवले होते. अमेरिकेतले मूळ रहिवासी असलेले सेनेका लोक वडिलांच्या भावाला वडीलच म्हणतात, आईच्या बहिणीला आईच. तमिळ नात्यांची रचनाही तशीच निघाली, त्यावरून त्याने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा उगम थेट आशियात नेला. अनेक पुरुषांना 'वडील' म्हणतात, म्हणजे कधीकाळी गटविवाह असणार, हाही त्याचाच निष्कर्ष. मॅक्लेननने यावर फटकारलं: हे नुसते एकमेकांना हाक मारायचे शब्द आहेत, त्यातून लग्नाचा इतिहास कसला काढता! बाई म्हणाल्या होत्या ते भांडण हेच. माझ्या तक्त्यात हे दोघे लागोपाठच्या ओळींत होते आणि मला पत्ता नव्हता.

आणि मॉर्गनच्या सेनेका आणि तमिळ याद्यांमध्ये मामा वेगळाच राहतो. वडिलांचा भाऊ वडील होतो, पण आईचा भाऊ 'आई' किंवा 'वडील' होत नाही, त्याला स्वतंत्र शब्द आहे. ही नोंद मी पेन्सिलीने समासात केली. पुढे उपयोगी पडली.

टायलरकडे परत आले ते त्याच्या १८८९ मध्ये छापलेल्या निबंधासाठी. जमाखर्चवालीला तो आवडणारच. सुमारे ३५० समाजांची माहिती घेऊन त्याने कोणती रूढी कोणत्या रूढीसोबत आढळते ते मोजलं. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहतो असे समाज ६५, जावयाने सासरच्यांना टाळायचं असे ४५. योगायोगाने दोन्ही एकत्र आठ-नऊ ठिकाणी यायला हवेत, प्रत्यक्षात आले १४. मी गुणाकार-भागाकार करून पाहिला, बरोबर येतो. हा निबंध सभेत वाचला तेव्हा अध्यक्षस्थानी असलेल्या गाल्टनने विचारलं, की हे १४ समाज खरंच स्वतंत्र आहेत, की एकाचं पाहून दुसऱ्याने उचललं? एकच पावती चौदा वेळा वहीत चढली असेल तर बेरीज काय कामाची! हिशेब तपासणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. आजही तो 'गाल्टनचा प्रश्न' म्हणूनच ओळखला जातो.

एकमेकांचं पाहून उचलणं म्हणजेच प्रसारवाद. तो मी एका दुपारी संपवला. एलियट स्मिथ आणि पेरी यांच्या मते जगातली बहुतेक संस्कृती इजिप्तमधून पसरली, आणि मामाबद्दल त्यांच्याकडे मला विचारण्यासारखं काही नव्हतं.

फ्रेझरला मात्र टाळता येईना. जादू, मग धर्म, मग विज्ञान ही त्याची शिडी. सारख्याने सारखं घडतं आणि एकदा चिकटलेलं चिकटलेलंच राहतं ही जादूची दोन तत्त्वं. १८९० मध्ये दोन खंडांत आलेला 'गोल्डन बाऊ' वाढत वाढत तिसऱ्या आवृत्तीत बारा खंडांचा झाला. वाचायला झकास. पण खुर्चीत बसून 'मी त्यांच्या जागी असतो तर असा विचार केला असता' एवढ्यावर सगळा डोलारा. पुढे इव्हान्स-प्रिचर्डने या पद्धतीची 'मी घोडा असतो तर' अशी टर उडवली. ती वाचली तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले.

बोआसकडून मला मामाबद्दल काही मिळेल असं वाटलं नव्हतं. तो मूळचा भौतिकशास्त्राचा, १८८१ मधला त्याचा प्रबंध पाण्याच्या रंगावर. तिथून १८८३ मध्ये तो बॅफिन बेटावर गेला. १८९६ मध्ये त्याने तुलनात्मक पद्धतीच्या मर्यादांवर निबंध लिहिला: सारखी दिसणारी रूढी सगळीकडे सारख्याच कारणाने आली असेल हे कशावरून? हे मला पाठ होतं. पण उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या क्वाकिउटल लोकांबद्दलचं त्याचं म्हणणं कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं. आधी त्याला वाटलं, हे मातृवंशाकडून पितृवंशाकडे चाललेत, सगळे म्हणतात तसे. नंतर त्याने मत बदललं. हे पितृवंशाकडून निघून उत्तरेकडच्या मातृवंशीय शेजाऱ्यांचं पाहून उलट्या दिशेने सरकत होते. शिडी उतरताही येते म्हटल्यावर 'मधल्या पायरीचा अवशेष' या म्हणण्याला आधार काय उरला? त्या रात्री मी तक्ता फाडला, असं लिहायला आवडलं असतं. फाडला नाही. कोरी बाजू वापरायला घेतली.

त्या कोऱ्या बाजूवर पहिल्यांदा काढली ती वंशावळ, रिव्हर्सच्या पद्धतीने. हा डॉक्टर माणूस, १८९८ च्या केंब्रिजच्या टॉरेस सामुद्रधुनी मोहिमेत गेला आणि तिथे त्याने वंशावळ पद्धत बसवली. 'काका', 'मामा' असे घोळ करणारे शब्द विचारायचेच नाहीत. आई, वडील, मूल, नवरा, बायको एवढ्यावर भागवायचं. मी माझ्याच घरावर करून पाहिलं. अर्ध्या तासात अशी दोन माणसं सापडली ज्यांना मी आयुष्यभर एकाच नावाने हाक मारत आले आणि जी माझी वेगवेगळी लागतात.

मॅलिनोव्स्कीबद्दल वर्गात ऐकलं होतं की तो पहिल्या महायुद्धात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवर कैदेत अडकला आणि त्यातून क्षेत्रकार्य जन्माला आलं. तसं नव्हतं. ऑस्ट्रियन प्रजाजन म्हणून तो कागदोपत्री शत्रू ठरला हे खरं, पण ऑस्ट्रेलियन सरकारने त्याला काम करू दिलं, मदतही केली. १९१५ ते १९१८ या काळात दोन खेपांत तो गावात तंबू ठोकून राहिला, भाषा शिकला. १९२२ च्या ग्रंथातला कुला, म्हणजे तांबड्या शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि पांढरी कंकणं उलट दिशेने फिरवणारा विनिमय, सगळ्यांना ठाऊक असतो. मी मामा शोधत होते. तो सापडला, आणि थोंगांच्या अगदी उलटा! ट्रोब्रियंड समाज मातृवंशीय. मूल आईच्या कुळाचं, वारसा मामाकडून, धाकही मामाचा. बाप खेळवणारा, लाड करणारा. फ्रॉइडने मुलाचा बापावरचा राग सार्वत्रिक मानला होता. मॅलिनोव्स्कीने १९२७ मध्ये सांगितलं की इथे तो राग मामाच्या वाट्याला येतो.

आता इंग्रज मानवशास्त्रज्ञ ब्राउनचा १९२४ चा निबंध उघडला. (तो जन्माने नुसता ब्राउन, 'रॅडक्लिफ-ब्राउन' १९२६ पासून.) विषय तोच, दक्षिण आफ्रिकेतला मामा. तो म्हणतो, अवशेष वगैरे सोडा, हा अनुमानाने रचलेला इतिहास आहे. आज चालू असलेल्या व्यवस्थेत बघा. बाप आणि बापाकडचे म्हणजे अधिकार, आई आणि आईकडचे म्हणजे माया. आईबद्दलची भावना तिच्या भावापर्यंत पसरते. तिकडचा मामासाठीचा शब्द 'मालुमे', म्हणजे 'पुरुष-आई'. आत्या तशीच 'स्त्री-बाप', तिच्यापुढे आदबीने वागायचं. आपल्या 'मामा'तही दोनदा 'मा' आहे म्हणून मी क्षणभर हुरळले, पण नुसत्या कानावर विसंबून मॉर्गनसारखं आशियापर्यंत जायचं नाही एवढं तोवर शिकले होते.

हे वाचलं आणि 'संरचनात्मक प्रकार्यवाद' हा सात-आठ महिने घोकलेला शब्द एकदम हलका झाला. अंग आहे तर त्याचं आजच्या देहात काम असणार, एवढंच. पण लगेच खटकलंही. भावना पसरते म्हणावं तर ट्रोब्रियंडच्या मुलाचंही आईवर प्रेम असतंच. तिथे ती माया मामापर्यंत का पोचत नाही? अधिकार मामाकडे आहे म्हणून, हे उत्तर अर्धं आहे; मग भावनेचं काय झालं? बाईंना विचारलं. त्यांनी फ्रेंच मानवशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉसचा १९४५ चा लेख पुढे केला: मामा-भाचा सुटे पाहू नका, भाऊ-बहीण, नवरा-बायको, बाप-मुलगा आणि मामा-भाचा ही चारही नाती एकत्र ठेवून बघा. परीक्षेला चार दिवस होते. मी तो दोनदा वाचला आणि निम्मा समजला.

पेपरात प्रश्न आला: 'अवशेष या संकल्पनेची चिकित्सा करा.' मी साडेसात पानं मामावर लिहिली. लेव्ही-स्ट्रॉसच्या दुसऱ्या वाक्याला घंटा झाली आणि वाक्य तसंच राहिलं. बासष्ट मिळाले. वर्गाबाहेर आल्यावर, जिना उतरताना लक्षात आलं की टायलरची व्याख्या आपण कुठेच लिहिली नाही.