वर्दिंगच्या गोट्यांवर एक हलकं पुस्तक

वर्दिंगच्या किनाऱ्यावर वाळू दिसते ती ओहोटीला. एरवी सगळे गोटे. सतरंजी अंथरायची, कमरेखाली टोचणारा एखादा गोटा चाचपून बाजूला टाकायचा आणि मग पुस्तक उघडायचं. इंग्लंडच्या या दक्षिण किनाऱ्याला राहायला आल्यापासून माझा उन्हाळा असाच सुरू होतो.

पुस्तक कोणतं, तर फिकट निळ्या मुखपृष्ठाचं. त्यावर लाकडी खोपटी, सीगल, रंगीत पताका. लंडनमध्ये नोकरी गेलेली, लग्न मोडलेली कुणी मुलगी कॉर्नवॉलच्या एका मासेमारी गावात येते. मावशीनं मागे ठेवलेलं बंद पडलेलं टी-रूम उघडते. शेजारी होड्या दुरुस्त करणारा एक अबोल माणूस असतो. पुढचं तुम्हाला कळलंच. मला पण दहाव्या पानावर कळतं, तरी मी शेवटापर्यंत सोडत नाही. चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या दुकानात, अशी पुस्तकं एकेका पौंडाला मिळतात. परवाच्या पुस्तकात मध्यावर आइस्क्रीमचा वाळलेला थेंब होता, आणि शिवणीच्या खाचेत वाळूचे चार कण. कुणाची तरी सुट्टी त्यात राहून गेली होती.

ही वाचायची सवय रेल्वेनं लावली. वर्दिंगला गाडी आली 1845 मध्ये. 1848 मध्ये डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी लंडनच्या यूस्टन स्टेशनवर पुस्तकांचा स्टॉल टाकला, आणि प्रवासात वाचायच्या स्वस्त कादंबऱ्या स्टेशनास्टेशनांवर दिसू लागल्या. 1871 च्या कायद्यानं ऑगस्टमध्ये एक हक्काची सुट्टी आली, तशी गर्दी समुद्राकडे धावली. आपला वाचनाचा हंगाम दिवाळीत. 1909 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक आलाच. इथे तो मान उन्हाळ्याला. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत दिव्याशिवाय वाचता येतं, हे सांगलीत कुणाला सांगितलं तर पटत नाही.

आणि आमचं वर्दिंग या बाबतीत साधंसुधं गाव नाही. जेन ऑस्टिन 1805 मध्ये इथे काही आठवडे राहिली होती. 1817 मध्ये, आजारी असताना, तिनं शेवटची कादंबरी लिहायला घेतली ती समुद्रकाठच्या एका गावाला पर्यटनस्थळ करू पाहणाऱ्या लोकांबद्दल. ती अपुरीच राहिली. ते गाव म्हणजे वर्दिंगच, असं काही अभ्यासक मानतात. 1894 च्या उन्हाळ्यात ऑस्कर वाइल्डनं इथेच राहून आपलं सगळ्यात खेळकर नाटक लिहिलं आणि नायकाला आडनावच ‘वर्दिंग’ दिलं. इतक्या मोठ्या लेखकांनाही हलकं लिहावंसं वाटलं, याचा मला फार आधार वाटतो.

कारण आपल्याकडे ‘हलकं’ हा शब्द दोन कामं करतो. वजनाला कमी तेही हलकं आणि प्रतीला कमी तेही हलकंच. कॉलेजात असताना हातात अशी कादंबरी दिसली की घरात कुणीतरी म्हणायचंच, “काहीतरी भारी वाच.” भारी मी पुष्कळ वाचलं, आजही वाचते. पण वर्षभर नोकरी, भाडं आणि व्हिसाच्या मुदती मोजून दमलेल्या माणसाला, मोडलेली गोष्ट पुन्हा उभी राहते एवढं कुणी मन लावून सांगितलं, तर ते काम कमी प्रतीचं नाही. वाचकाला अडीचशे पानं धरून ठेवायचं आणि थकवायचं मात्र नाही, याला हात बसलेला लागतो.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. इंग्रजी वाचायचा तिला कंटाळा, म्हणून गोट्यांवर बसून मी तिला एक-एक प्रकरण मराठीत सांगायचे. तिचे प्रश्न भलतेच नेमके.

“मावशीनं हॉटेल हिच्याच नावावर केलं? तिला पोटचं कुणी नव्हतं?”

“नव्हतं गं.”

“मग बरोबर आहे. आणि हा होडीवाला जेवतो कुठे?”

लेखिकेनं ते लिहिलेलं नव्हतं. मी सांगून टाकलं, हिच्याकडेच.

आई सप्टेंबरात परत गेली. नंतर एकदा भाजी निवडता निवडता फोनवर म्हणाली, “त्या मुलीचं हॉटेल थंडीत चालतं का गं? तेव्हा कोण येणार समुद्रावर?” पुस्तक ऑगस्टमध्येच संपलं होतं, मला काही सांगता येईना.

काल चॅरिटी शॉपमध्ये त्याच मालिकेतलं पुढचं पुस्तक सापडलं. मुखपृष्ठावर तेच टी-रूम आहे, छपरावर बर्फ, खिडकीत दिवा. रविवारी फोनवर पहिलं प्रकरण.