सेल्फ मारण्याआधी

आमच्या जुन्या फियाटचं इंजिन नव्याने बांधून झालं त्याला आठ दिवस उलटले, तरी मी सेल्फ, म्हणजे स्टार्टर, मारला नव्हता. गंगापूर रोडवरच्या आमच्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली होती. दूधवाला पिशवी अडकवता अडकवता विचारायचा, "झाली का चालू?" मी म्हणायचो, "थंडी आहे ना." जानेवारीत नाशिकमध्ये हे कारण कशालाही चालतं. पेपरात निफाडचा पारा उतरल्याची बातमी असली की आणखीच चालतं.

खरं कारण भीती. सुरू न केलेलं इंजिन निर्दोष असतं.

गाडी १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी. १९६४ मध्ये '११०० डिलाइट' म्हणून कुर्ल्याच्या कारखान्यातून निघू लागलेल्या गाडीला १९७४ पासून राणीचं नाव मिळालं. आमच्या घरात मात्र ती 'फियाट'च राहिली. दहा-बारा वर्षं पोर्चमध्ये उभी होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा बाबांनी पेपरातला फोटो बराच वेळ पाहिला, घडी घातली आणि म्हणाले, "आपलीचं इंजिन उतरव."

उतरवलं. सातपूरच्या वर्कशॉपमधून सिलिंडर बोअर मारून आणले, त्यात मोठ्या मापाचे, ओव्हरसाइज पिस्टन घातले, पिस्टन ज्याला फिरवतात तो क्रँक ग्राइंड केला. मिस्त्रींनी आमच्याच पोर्चमध्ये बसून इंजिन बांधलं, कप्पी लावून गाडीत बसवलं आणि हात पुसत म्हणाले, "पहिला सेल्फ तुम्ही मारा. पण आधी ऑइल वर चढवा. घाई केलीत तर मी तुम्हाला ओळखत नाही."

इंजिनाच्या तळच्या चेंबरमध्ये ऑइल ओतलं म्हणजे ते बेअरिंगपर्यंत पोचलं असं होत नाही. बांधताना हाताने चोपडलेलं वंगण तेवढंच तिथे असतं. अशात इंजिन सुरू झालं तर क्रँक मिनिटाला हजार फेऱ्यांनी कोरडाच फिरणार, आणि सातपूरला मोजलेले पैसे अर्ध्या मिनिटात उगाळले जाणार. म्हणून चारही प्लग काढायचे, ठिणगीचा करंट तोडायचा आणि मग सेल्फ मारायचा. प्लग नसले की कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, नाही, इंजिन हलकं फिरतं, आणि त्याच्यासोबत ऑइल पंप. सुरू होऊ नये अशी चोख व्यवस्था करून गाडी सुरू करायला बसायचं.

रविवारी सकाळी बसलो. शेजारचे काका स्वेटर घालून हजर. ते ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे विमान कारखान्यातून, निवृत्त झालेले. मिग विमानांच्या सांगाड्यावर हयात गेली. "इंजिनं आमच्याकडे कोरापूटहून यायची, त्यातलं मला काही विचारू नकोस," असं आधीच सांगून त्यांनी सगळं विचारायला सुरुवात केली. पाने मोजलेस? फडकी मोजलीस? विमानाच्या कामात एक पाना कमी भरला तरी विमान उडत नाही म्हणे. मोजले. पाने बरोबर निघाले. फडकी चार घेतली होती, तीन निघाली. चौथं कार्बोरेटरच्या तोंडात होतं, धूळ जाऊ नये म्हणून मीच कोंबलेलं. काका काही बोलले नाहीत. न बोलण्याचंही त्यांना प्रशिक्षण असावं.

किल्ली फिरवली. घर्र घर्र घर्र. दहा सेकंद, मग थांबायचं, सेल्फ तापतो. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा जळत होता. पुन्हा दहा सेकंद. दिवा तसाच. थंडीत घट्ट झालेलं ऑइल कुठल्या वळणावर रेंगाळलंय, या विचाराने मला घाम. पाचव्यांदा की सहाव्यांदा तो दिवा जरा मंद झाला, फडफडला आणि गेला.

आमची आजी देवापुढचा दिवा 'विझला' असं कधी म्हणू द्यायची नाही. दिवा शांत झाला म्हणायचं. तो शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा चपखल बसताना दिसला. जन्मभर दिवे लावून शुभ साधणाऱ्या घरात, शांत झालेल्या दिव्यासाठी मी टाळ्या वाजवल्या. आई आतून म्हणाली, "लागली का गाडी?" तिला काय सांगणार!

टायमिंगसाठी, म्हणजे ठिणगीची वेळ जुळवायला, एक नंबरच्या प्लगच्या भोकात कागदाचा बोळा घालून क्रँक पान्याने हळूहळू फिरवला. बोळा टुप्पकन उडाला, म्हणजे पिस्टन कंप्रेशनला वर येतोय. ही युक्ती मिस्त्रींची. पॉइंट साफ केले, प्लग बसवले, डिस्ट्रिब्युटरच्या गोल टोपीवर वायरी सिलिंडर पेटण्याच्या क्रमाने, १-३-४-२ अशा लावल्या, पेट्रोल पंपाची दांडी हाताने मारून कार्बोरेटर भरला, चोक ओढला. आईने नारळ फोडला. सेल्फ.

फटाक! कार्बोरेटर शिंकला. इंजिन पांगळ्यासारखं दोन उड्या मारून बसलं. पुन्हा तेच. गॅलरीतून बाबांचा आवाज आला, "वायरी कुठल्या बाजूने मोजल्यास?"

उलट्या बाजूने. क्रम बरोबर, दिशा चूक. मौज अशी, की १-३-४-२ उलटं वाचलं तर १-२-४-३ होतं. एक आणि चार आपापल्या जागी, घोळ फक्त दोन आणि तीनचा. म्हणून अर्धं इंजिन कामाला लागलं होतं आणि अर्धं भांडत होतं. आमच्या घरातल्या लग्नकार्यांसारखंच. दोन वायरींची अदलाबदल केली आणि किल्ली फिरवली.

लागली!

पण लागल्यावरही बंद करायची मुभा नाही. नवा कॅम आणि टॅपेट हे व्हॉल्व्ह उघडणारे भाग एकमेकांना रुळेपर्यंत वीसेक मिनिटं इंजिन दोन हजारांच्या आसपास ठेवायचं असतं. मी बॉनेटमध्ये वाकून थ्रॉटल धरून उभा. सायलेन्सरमधून पांढरा धूर, जळक्या रंगाचा वास, गल्लीतली पोरं कानात बोटं घालून. काका नजर न हलवता रेडिएटरकडे बघत होते. दूधवाला समोर येऊन काहीतरी विचारत होता. ओठांवरून कळलं की तोच प्रश्न आहे.

बंद केल्यावर कानात नुसती शीळ. बाबा काठी टेकत खाली आले. या पोर्चच्या शहाबादी फरशीवर जुन्या इंजिनाचा काळा डाग आहे. दिवाळीत आई त्याला वळसा घालून रांगोळी काढते. यंदा असलं काही होणार नाही, या ताठ्यात मी खाली कोरा पुठ्ठा अंथरला होता. बाबा वाकले, पुठ्ठा काठीने ओढून बाहेर घेतला. मधोमध एक थेंब. सोनेरी, नवाकोरा.

मी पाना शोधायला वळलो, तर ते म्हणाले, "राहू दे रे. आता ओळखीची वाटते."