आमची वाटचाल : गॅसच्या विहिरीत पैसे घालताना

आमची फर्म छोटी, तिघं पार्टनर. ड्रिलिंग आम्ही करत नाही, ऑपरेटर, म्हणजे प्रत्यक्ष खोदाई सांभाळणाऱ्या कंपन्यांच्या नैसर्गिक वायूच्या प्रॉस्पेक्टमध्ये (गॅस असण्याची शक्यता वाटते अशा जागेत) वर्किंग इंटरेस्ट घेतो, म्हणजे खोदाईच्या खर्चात आपला वाटा भरायचा आणि गॅस लागला तर रॉयल्टी, टॅक्स जाऊन जे उरेल त्यात आपला हिस्सा. नाही लागला तर भरलेले पैसे गेले.

पहिल्याच विहिरीत आम्ही जवळजवळ सगळं भांडवल घातलं होतं. सिस्मिकवर, म्हणजे जमिनीत लहरी सोडून काढलेल्या चित्रात, खडकाचा थर घुमटासारखा वर आलेला आणि बरोबर माथ्यावर ठळक ब्राइट स्पॉट (गॅसची खूण मानला जाणारा उजळ पट्टा), बघूनच खात्री पटली. रिगवर मी स्वतः हजर होतो, वाळूचा थर सांगितलेल्या खोलीलाच लागला, मड लॉगिंगच्या (खोदताना वर येणाऱ्या चिखलातला गॅस मोजतात त्या) स्क्रीनवर गॅसची रेघ सरकन वर गेली तेव्हा आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. मग लॉग आला, म्हणजे विहिरीत उपकरणं सोडून घेतलेली मोजमापं. रेझिस्टिव्हिटी (थराचा विजेला होणारा विरोध) खाली, म्हणजे गॅसऐवजी खारं पाणी असण्याची खूण. जिओलॉजिस्ट बराच वेळ काही बोललाच नाही. टेस्टला खारं पाणी आलं, सोबत थोडे बुडबुडे.

थरातल्या पाण्यात ५-१० टक्के गॅस असला तरी लहरींचा वेग एवढा पडतो की भरलेल्या थरासारखाच ब्राइट स्पॉट दिसतो, हे तेव्हा कळलं. वरचं सील, म्हणजे गॅस अडवून धरणारा खडक, गळकं होतं, गॅस कधीच निघून गेला होता.

त्यानंतर वर्षभर आम्ही कुठेच पैसे घातले नाहीत, नुसतं शिकलो. सोर्स (गॅस जिथे तयार होतो तो खडक), रिझर्व्हॉयर (गॅस साठवणारा सच्छिद्र थर), ट्रॅप (गॅस अडकून राहील अशी थरांची रचना), सील या चारही गोष्टी एकाच जागी जमाव्या लागतात, त्यामुळे शक्यतांची सरासरी नाही, गुणाकार करायचा. ८०, ७०, ६०, ६० टक्के ऐकायला किती छान वाटतं ना, पण गुणाकार येतो २० टक्के! म्हणून आता एकाच विहिरीत मोठा वाटा घेण्याऐवजी वेगवेगळ्या प्रॉस्पेक्टमध्ये छोटे छोटे वाटे घेतो, आणि पाइपलाइन किती लांब आहे हे आधीच विचारतो, कारण गॅस सापडूनही लाइनपर्यंत नेणं परवडत नसेल तर विहीर नुसती बंद पडून राहते.

चौथ्या विहिरीला गॅस लागला. फार मोठा साठा नाही, पण लाइन जवळ होती. फ्लेअर (टेस्टमध्ये बाहेर आलेला गॅस जाळतात ती ज्योत) पेटली तेव्हा तिचा आवाज छातीत जाणवत होता, आमचे सिनियर पार्टनर डोळे पुसत होते.

सध्या टेबलावर एक फॉल्ट ट्रॅप आहे, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेपाशी (फॉल्टपाशी) गॅस अडलेला असेल अशी जागा. फॉल्टच्या पलीकडे शेल (गॅस सहज जाऊ न देणारा चिकणमातीचा खडक) आहे की वाळू, हे आम्ही ऑपरेटरला दोनदा विचारलंय, वाळू असेल तर गॅस तिकडे निसटू शकतो. नकाशा अजून आलेला नाही, म्हणून सही थांबवून ठेवलीय.