साचा क्रेटमध्ये जातो, टूलरूम जात नाही

उत्पादन परदेशात हलवायचं की नाही, हे बहुतेक कंपन्यांत एकाच आकड्यावर ठरतं: नगामागे किती सुटतात. समजा, अमेरिकेत प्लॅस्टिकचा एक भाग १० डॉलरला पडतो आणि बाहेरून ७ डॉलरला मिळतो. ३ डॉलर सुटले की फाइल मंजूर. पण ७ हा तिकडच्या कारखान्याच्या दारातला भाव. त्यावर समुद्रभाडं, विमा, जकात चढते. माल महिनाभर पाण्यावर असतो, तेवढे दिवस पैसा अडकतो आणि गोदामातला राखीव साठाही वाढवावा लागतो. सर्वांत वाईट म्हणजे खोट बंदरात माल उतरल्यावर कळते, तोवर तशाच खोटीच्या आणखी दोन-तीन खेपा वाटेवर असतात. मग ग्राहकाची लाइन थांबू नये म्हणून विमानाने माल मागवायचा. हा खर्च वाहतूक, गुणवत्ता, गोदाम अशा खात्यांत विखुरतो. खरेदी खात्याच्या कागदावर बचत तशीच उभी राहते.

इतकं सगळं धरूनही कंपनीला फायदा होऊ शकतो, हे खरं आहे. देशाचं नुकसान वेगळ्याच जागी होतं.

मोल्डिंगचा साचाच बघा. पोलादाचे दोन अर्धे. क्रेटमध्ये भरून कुठेही पाठवता येतात. पण साचा झिजतो. दोन अर्धे मिळतात त्या रेषेवर फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेल्या प्लॅस्टिकची पातळ कड, येऊ लागते. टूलमेकर, म्हणजे साचे घडवणारा-दुरुस्त करणारा कारागीर, टूलरूममध्ये साचा उघडतो, निळा रंग लावून दोन्ही अर्धे दाबून बघतो, कुठे टेकत नाही ते हेरतो, वेल्डिंगने भर घालून पुन्हा घासतो. प्लॅस्टिक आत शिरतं ते गेट किती वाढवायचं, हवा निघायला व्हेंट कुठे द्यायचा, हे ड्रॉइंगवर पूर्ण लिहिलेलं नसतं. साचा गेला की हे काम गेलं. टूलमेकरची उमेदवारीच साधारण चार वर्षांची. काम नसेल तर उमेदवार घेणार कोण? त्याच टूलरूमवर शेजारचे तीन-चार छोटे कारखाने अवलंबून असतात. त्यांनी देश सोडलेला नसतो, तरी दुरुस्तीसाठी त्यांना लांब जावं लागतं. हे नुकसान साचा पाठवणाऱ्या कंपनीच्या ताळेबंदात कधीच येत नाही. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे.

उत्पादन बाहेर नेण्याच्या बाजूने दाखला अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा दिला जातो: इंग्लंडने कापड विणावं, पोर्तुगालने वाइन करावी, दोघांचं भलं. पण १८१७ मध्ये त्यानेच लिहिलं होतं की भांडवलवाले सहसा मायदेश सोडत नाहीत, आणि मायदेशाची ही ओढ कमजोर झालेली पाहून आपल्याला वाईट वाटेल. आज भांडवल, यंत्रं, तंत्र सगळंच हलतं.

अमेरिकेत २००० च्या सुरुवातीला कारखान्यांत सुमारे १ कोटी ७३ लाख नोकऱ्या होत्या. २०१० च्या सुरुवातीला सुमारे १ कोटी १५ लाख. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. सगळा दोष त्याचा नाही; यांत्रिकीकरण आणि २००८ ची मंदीही त्यात आहे. तरी अर्थशास्त्रज्ञ ऑटर आणि सहकाऱ्यांच्या अंदाजाने १९९९ ते २०११ मध्ये चिनी आयातीमुळे २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या, आणि त्याचा मार ठरावीक गावांवर एकवटला.

अमेरिकेच्या कायद्यानेही उलटा धक्का दिला. २०१७ च्या करसुधारणेत परदेशातल्या नफ्यावर किमान कर बसवला, पण तिथल्या इमारती-यंत्रांच्या किमतीच्या १० टक्क्यांइतका परतावा त्यातून वगळला. म्हणजे बाहेर यंत्रं जितकी जास्त, तितका करपात्र नफा कमी. २०२५ च्या कायद्याने ही सूट काढली. तोवर आठ वर्षं गेली होती.

कामगाराच्या वाट्याला काय? १०० किंवा अधिक कामगारांच्या कंपनीने मोठा कारखाना बंद करताना ६० दिवस आधी लेखी कळवायचं, हा १९८८ चा कायदा. आयातीमुळे काम गेलेल्यांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी १९६२ पासूनची योजना होती. तिचे नवे अर्ज तपासणं १ जुलै २०२२ पासून थांबलं.