विळिवायकुराच्या मागावर

मी कुर राजांची, म्हणजे सातवाहनांच्या काळातल्या विळिवायकुर, शिवलकुर या कोल्हापूरच्या राजांची, नाणी जमवतो. शिशाची आणि पोटीन या मिश्रधातूची, एका बाजूला बाण लावलेलं धनुष्य आणि दुसऱ्या बाजूला कमानींचा डोंगर. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1877 मध्ये या नाण्यांचा साठा सापडला होता, आणि 1945-46 मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथंच उत्खनन केलं. आपल्या गावची नाणी आहेत ही. पण आज ती विकत घ्यायची तर लिलावांच्या कॅटलॉगमध्येच शोधावी लागतात, कारण बाजारात येणारं बहुतेक चांगलं नाणं तिकडूनच जातंय.

पहिली अडचण शोधण्याची. राजाचं नाव प्रत्येक लिलावगृह इंग्रजीत वेगळं लिहितं. कुणी विलिवायकुर, कुणी विळिवायकुर, कुणी नुसतं कुरा. कुठं 'सातवाहन मांडलिक' म्हणून लॉट (लिलावातला नग) टाकलेला असतो, तर कुठं थेट सातवाहनांतच. म्हणून नुमिसबिड्स आणि सिक्सबिड या लिलावांच्या साइटवर मी राजाच्या नावासोबत 'धनुष्य', 'शिसं', 'कोल्हापूर' हे शब्दही इंग्रजीत टाकून बघतो. टोडीवाला, मरुधर, क्लासिकल न्यूमिसमॅटिक गॅलरी या लिलावगृहांचे कॅटलॉग मात्र पानन् पान चाळतो. चुकीच्या मथळ्याखाली पडलेलं नाणं शोधून सापडत नाही, ते डोळ्यांनाच दिसावं लागतं.

दिसलं की आधी फोटो उतरवून ठेवायचा, घ्यायचं असो वा नसो. दोन्ही बाजू, वजन, लिलावाची तारीख, लॉट नंबर, अंदाजित किंमत. आणि लिलाव झाला की शेवटची बोली. माझ्या छंदातला सगळ्यात मोलाचा ऐवज हीच वही आहे, नाण्यांची पेटी तिच्यानंतर. हातानं ठोकलेल्या नाण्याची चकती कधी दुसऱ्यासारखी नसते. काठाची चीर, एका बाजूला सरकलेला ठसा, तुटलेलं अक्षर, यावरून तेच नाणं काही वर्षांनी दुसऱ्या लिलावात आलं तरी ओळखू येतं, आणि मागं ते कितीला गेलं होतं हेही कळतं. याउलट एकाच वेळी दोन वेगळ्या लॉटमध्ये तीच चीर, तोच सरकलेला ठसा आणि तोच खड्डा दिसला, की निदान एक तरी साच्यातून ओतलेली नक्कल समजायची. अशा वेळी मी बोली लावत नाही, विक्रेता कितीही मोठा असो. एसीसर्च या साइटवर जुन्या लिलावांचे फोटो फुकट बघता येतात, किमतींसाठी वर्गणी भरावी लागते. मला ती वर्गणी योग्य वाटते.

फोटोंचा आणखी एक फायदा, आणि मला तो सगळ्यात आवडतो. यांतली काही नाणी जुन्या नाण्यावरच पुन्हा ठोकलेली आहेत. गोतमीपुत्र विळिवायकुराच्या छापाखाली माढरिपुत्र शिवलकुर डोकावतो, शिवलकुराखाली वासिठीपुत्र विळिवायकुर. या तिघांचा क्रम याच पुनर्मुद्रणांवरून लावला गेला. असं नाणं अनेकदा कॅटलॉगमध्ये 'अक्षरं अस्पष्ट' एवढ्याच शेऱ्यानं येतं. फोटो मोठा करून, फिरवून बघितला की धनुष्याच्या दोरीखाली दुसरीच अक्षरं उठतात. अशा लॉटसाठी मी जास्त पैसे मोजायला तयार असतो.

बोलीचं गणित मी उलट्या बाजूनं करतो. गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, आमच्या दुकानात हिशेबाची सवय आहेच. समजा एका नाण्यावर सगळं धरून 8,000 च्या वर जायचं नाही. त्यातून लिलावगृहाचा प्रीमियम (बोलीवर लावलेलं कमिशन), समजा 15 टक्के, त्यावरचा कर आणि कुरिअर वजा केलं की हातोड्याची, म्हणजे नाण्यावरची प्रत्यक्ष बोली 6,500 च्या आसपास थांबते. हा आकडा लिलावाच्या आधीच कमाल बोली म्हणून टाकून ठेवतो. साइटचं यंत्र तेवढी सगळी रक्कम लावत नाही, समोरच्यापेक्षा एक पायरी वर जातं. शिवाय दोघांची रक्कम सारखी आली तर बहुतेक ठिकाणी आधी आलेली बोली धरतात, म्हणून लवकर टाकलेली बरी. लिलाव चालू असताना पडद्यासमोर बसून आकडा वाढवायचा नाही, हे मी कटाक्षानं पाळतो.

शिशाच्या नाण्यावर पांढरी भुकटी दिसली तर सावध. ती वाढत जाते आणि नाणं खाते.

कायद्याचंही सांगतो, कारण नवीन मुलं विचारतात. 1972 च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही. आणि शेतात, पायाखोदाईत साठा सापडला, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणं दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. हे पाळलं गेलं तरच नाणं कुठं, कशासोबत मिळालं याची नोंद राहते. कॅटलॉगमध्ये 'कोल्हापूर परिसर' एवढंच वाचलं की जीव तुटतो माझा. कुठलं गाव, कुठला थर, सोबत आणखी काय होतं, सगळं गेलेलं असतं.

तुमच्या घरी आजोबांच्या डब्यात असं धनुष्यबाणाचं नाणं असेल तर ते चिंचेनं घासू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, ग्रॅममध्ये वजन करा, आणि ते घरात कुठून आलं हे थोरल्यांना विचारून एका कागदावर लिहून सोबत ठेवा. काटा नसेल तर गुजरीत या, मी वजन करून देतो.