जुळी भावंडं आणि एकालाच एमएस

ताईला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूवर हल्ला करते. आज तिच्या इन्फ्युजनला (सलाईनमधून औषध देतात ते) बसल्या बसल्या म्युनिकच्या संशोधकांनी जुळ्यांवर केलेल्या कामाचं वाचलं आणि डोकं भणभणलं. २०१७ चा अभ्यास, ३४ एकसारख्या जुळ्यांच्या जोड्या, प्रत्येक जोडीत एकाला एमएस आणि दुसरा ठणठणीत! जीन्स तेच, मग फरक कुठला? तर संशोधकांनी काही जोड्यांतल्या दोघांच्याही आतड्यातले जिवाणू खास उंदरांच्या पोटात सोडले, आणि आजारी भावंडाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांना एमएससारखा आजार जास्त प्रमाणात झाला, शिवाय सूज आवरणारं आयएल-१० नावाचं प्रथिन त्या उंदरांच्या पेशी कमी बनवत होत्या. म्हणजे मेंदूच्या दुखण्याचा एक धागा पोटात!

ताई कायम विचारते, माझं काय चुकलं गं? तिला म्हटलं, काही नाही चुकलं, इथे तर जुळ्यांतही एकालाच होतंय. सलाईन संपेपर्यंत मग तिने मला परत परत तेच वाचायला लावलं.

आणि प्लीज, हे वाचून तिला दही खा, प्रोबायोटिक घे, औषधं सोड असं कोणी सांगू नका. उंदरांवरून माणसाचा इलाज ठरत नाही. औषधं चालूच राहणार, आणि आतड्याचं काय ते आम्ही पुढच्या व्हिजिटला न्यूरोलॉजिस्टनाच विचारणार आहोत.